लाइन तोडायची नाही

४ मार्च

छोट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. या पत्रात ते नाहीत, शोधू नकोस.

काल तुझ्या कंपनीचं उत्तर आलं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ खाली ग्राहक विभागातल्या कुणा मुलीची सही. मी अभिप्राय दिला नव्हता. मी माझ्या पाठच्या भावाला पत्र लिहिलं होतं आणि त्यात त्याला निर्लज्ज म्हटलं होतं. ते मोलाचं वाटत असेल तर पुन्हा म्हणते.

तू ते पत्र वाचलंच नसशील, म्हणून थोडक्यात सांगते. माझ्या शेजारणीची नात सात वर्षांची आहे. तिच्याकडे तुझा तो फोनवरचा पिल्लाचा खेळ आहे. पोरगी दोन दिवस मावशीकडे राहायला गेली. परत येऊन बघते तर पिल्लू आजारी, चोच उघडी, डोळ्यांत टपोरे अश्रू आणि खाली ओळ: ‘तू मला विसरलीस.’ पोरगी जिन्यात बसून हुंदके देत होती. मला विचारते, “आजी, मी वाईट आहे का?”

ते पिल्लू असं रडावं हे कुणीतरी बसून ठरवलं. मीटिंगमध्ये ठरवलं. कुणीतरी म्हणालं असेल की अश्रू मोठे केले तर मुलं लवकर परत येतात, आणि तू मान डोलावली असशील. छोट्या, पोरांनी उद्या परत यावं म्हणून त्यांना आज रडवायचं, याला खेळ म्हणत नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर याला जे नाव द्यायच्या ते मी पत्रात लिहिणार नाही.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी मी तुला माझा खेळ दाखवला होता. टेलिफोन एक्स्चेंजचा. स्क्रीन काळी, कानाला हेडफोन, हाताखाली आठ दोऱ्या आणि त्या खुपसायला आठ घरं. कॉल येतो, आवाज ऐकायचा, माणूस ओळखायचा, हवी ती दोरी हव्या त्या घरात लावायची. तू एक डाव खेळलास, सगळा खेळलासही नाहीस, आणि चार सूचना दिल्यास. चित्रं घाला. गुण द्या. तारे द्या. आणि मधला तो न बोलणारा कॉल, ज्यात पलीकडून बराच वेळ कुणीच बोलत नाही, तो काढून टाका. “लोक थांबत नाहीत, ताई,” असं म्हणालास. वर जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना सांगितलंस, “निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी टाइमपास हवाच ना.” त्या दिवसापासून आपण बोललो नाही. मला त्याची काही कमी भासलेली नाही.

एप्रिलमध्ये खेळांचं प्रदर्शन आहे, तुला माहीत असेल, तुझा स्टॉल दरवर्षी सगळ्यात मोठा असतो. या वर्षी त्यात माझंही टेबल आहे. माझा खेळ त्यांनी निवडलाय. मी अर्जात वय लिहिलं नव्हतं.

तर पैज. न बोलणारा कॉल मी खेळात जसाच्या तसा ठेवणार आहे. दोन दिवसांत जे खेळतील त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी तो कॉल तोडला, तर खेळ तुझा. घाल त्यात तारे, घाल पिल्लं, मी हूं की चूं करणार नाही. पण निम्म्याहून जास्त लोक थांबले, तर तुझं पिल्लू रडायचं बंद. मूल नसलं की पिल्लू झोपेल. आजारी पडणार नाही, अश्रू ढाळणार नाही, कुणाला दोष देणार नाही.

हिंमत असेल तर हो म्हण. ग्राहक विभागातर्फे नको.

ताई

१९ मार्च

छोट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. “वन्सं, हे म्हणतायत पैज मंजूर.”

“त्याला तोंड नाही का?”

“आहे ना. तुमच्यासमोर उघडत नाही एवढंच.”

बाई शहाणी आहे. तुझ्याकडे कशी आली कोण जाणे.

तिनेच सांगितलं की तू तिला म्हणालास, “ताई हरली तर फार मनाला लावून घेईल, एकटी असते.” ऐक. मला एकटेपणा नाही. हा शब्द माझ्याबद्दल पुन्हा वापरलास तर हेडफोनची वायर गळ्यात बांधीन, तुझ्या. मी हा खेळ का केला हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून स्वतःच एक कारण शोधून ठेवलंस. खरं सांगते.

मी एक्स्चेंजच्या बोर्डावर बसले ती माझ्या आवाजामुळे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला भिंतीला पाठ लावून उभं करायच्या आणि खोलीच्या टोकाला उभ्या राहून म्हणायच्या, “ओरडू नकोस, पोचव.” तो आवाज मला नोकरी देऊन गेला. एक्स्चेंजमध्ये नियम होता: दोन माणसं जोडली, त्यांनी एकमेकांना ओळखलं, की त्या क्षणी कान काढून घ्यायचा. ऐकायचं नाही. मी नियम पाळला. म्हणजे काय झालं बघ. आयुष्यभर मी हजारो बोलण्यांची फक्त सुरुवात ऐकली. “हॅलो, अगं मी बोलतेय...” आणि मी बाहेर. पुढे काय झालं, ती रडली की हसली, तो परत आला की नाही, मला कधीच कळलं नाही. मग एक्स्चेंज यंत्रावर गेलं. आम्हा बायकांना सांगितलं, घरी जा नाहीतर कॉम्प्युटर शिका. मी चाळिशीत शिकले आणि निवृत्त होईपर्यंत खात्याची बिलं छापणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यात सुरुवातसुद्धा नसते, नुसता शेवटचा आकडा.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी टेबल ओढून खिडकीशी नेलं आणि बसले. ‘हॅलो’च्या पुढचं मला हवं होतं. कुणी सांगणार नव्हतं, म्हणून मीच लिहिलं. आवाज सगळे माझे, काही खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचे आणि एक दूधवाल्याचा. टाइमपास म्हणे.

आणि तो न बोलणारा कॉल. तो मनाने रचलेला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, भर दुपारी, एका लाइनवर कुणीच बोलेना. मी दोरी काढणार तेवढ्यात मागून आमच्या सुपरवायझर बाईंनी माझं मनगट धरलं. “लाइन तोडायची नाही. माणूस आहे तिथे.” मी म्हटलं, “पण बोलत नाहीये.” त्या म्हणाल्या, “बोलत नाहीये म्हणूनच.” पुढे काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू माझ्या खेळात तिथे कॉल तोडलास.

तुझे लोक म्हणतात, थांबणाऱ्याला बक्षीस दाखवा म्हणजे थांबतील. हा तुमचा मोठा सिद्धांत. मी तुम्हा खेळवाल्यांच्या त्या परिषदेतली सगळी भाषणं इंटरनेटवर ऐकली आहेत, तुझंसुद्धा, इस्त्री करताना. बक्षीस आधी दाखवलं की थांबणं म्हणजे मजुरी होते. मला माणसं मजुरीवर नको आहेत. मला बघायचंय, काही मिळणार नसेल तरी कोण थांबतं.

ताई

ता.क. दुसरा हेडफोन घेतलाय. बघणाऱ्यांसाठी. तू येशील म्हणून नाही.

५ एप्रिल, दुपार

छोट्या,

तुझं हसणं इथपर्यंत ऐकू आलं असतं, पण इथे काहीच ऐकू येत नाही.

माझं टेबल तुझ्या स्टॉलला लागून आहे. हवा भरलेलं, दोन मजली उंच पिवळं पिल्लू माझ्या डोक्यावर झुकलंय आणि चार भोंग्यांतून त्याचं गाणं चालू आहे. तेच गाणं, पुन्हा पुन्हा, सकाळपासून. मी ऐकण्याचा खेळ केला, पाच वर्षं केला, आणि तो मांडायला आणला कुठे, तर बाजारात. हे एकाही दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या खोलीत शांतता होती म्हणून जगात असेल असं मी धरून चालले. अशी चूक फक्त माझ्यासारखीच करू शकते, तेव्हा हसून घे, मग पुढचं वाच.

सकाळी अकरा जण खेळले. अकराच्या अकरांनी न बोलणारा कॉल तोडला. एकाने हेडफोन टेबलावर आपटून बघितला. एक बाई म्हणाली, “आजी, बंद पडलंय हो तुमचं.” एक तर माझ्याचकडे वळून मोठ्याने म्हणाला, “हॅलो?”

तुझ्या स्टॉलवरच्या मॅनेजरला म्हटलं, “बाबा, आवाज थोडा कमी कर.”

तो म्हणाला, “मॅडम, सरांची ऑर्डर आहे.”

“सरांची बहीण आहे मी.”

“हो का? मग सरांनाच सांगा ना.”

सरांना सांगणार नाही हे त्याला कुठून माहीत असणार. सर तेव्हा पिल्लाच्या पायाशी उभे राहून कुणाशी तरी हस्तांदोलन करत होते आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंही. मी दुसरीकडे बघितलं.

हे अकरा मी मोजणार आहे. गोंगाट होता म्हणून सूट मागणार नाही. पैज म्हणजे पैज.

ताई

५ एप्रिल, संध्याकाळ

छोट्या,

जिन्याखाली खुर्च्या ठेवायची खोली आहे. दार जाड, खिडकी नाही. आयोजकांकडे गेले. पोरगेलासा माणूस, गळ्यात ओळखपत्रांचा हार.

“मॅडम, ती खोली जनतेसाठी नाहीये.”

“मी जनता नाही. तुम्ही बोलावलेली पाहुणी आहे.”

“पण तिथे नुसत्या खुर्च्या आहेत.”

“म्हणजे बसायची सोय झाली.”

तो हसला आणि हरला. आम्ही दोघांनी टेबल उचलून नेलं. त्याची कंबर धरली, माझी नाही.

दार लावलं, दिवा मालवला, आणि अंधारात बसून मी माझाच खेळ पहिल्यांदा परक्यासारखा खेळले. तो कॉल आला. शांतता. आणि छोट्या, मलाच क्षणभर वाटलं की बंद पडलंय. मी केलेला खेळ! तेव्हा कळलं. खऱ्या बोर्डावर प्रत्येक लाइनला एक बारीकसा दिवा होता. कुणी लाइनवर असलं की तो जळत राहायचा. खेळात मी तो ठेवला नव्हता. स्क्रीन पूर्ण काळीच पाहिजे, असा हट्ट. कलेचा हट्ट म्हण, ताठा म्हण.

तुझं एक खरं होतं. एकच, नाचू नकोस. खेळणाऱ्याला पुढे काय होणार ते सांगायचं नसतं, पण आत्ता काय चाललंय ते त्याच्यापासून लपवायचंही नसतं. न सांगणं हा खेळ झाला, लपवणं ही फसवणूक. मी जिन्याखाली बसून प्रोग्रॅममध्ये एक दिवा लिहिला. नखाएवढा, पिवळा. कॉलची लांबी जराही बदललेली नाही, तुझ्या माणसाला तपासायचं असेल तर तपासू दे.

दिवा लागल्यावर पहिली खेळायला आली ती तुझ्या कंपनीचा शर्ट घातलेली मुलगी. चोरून आली होती. मी दुसरा हेडफोन लावून शेजारी बसले. कॉल आला. शांतता. तिचा हात दोरीकडे गेला, थांबला, परत मांडीवर आला. तिने डोळे मिटले. आणि मग तो आवाज आला, जो मी त्या पहिल्या वर्षी ऐकला होता आणि पाच वर्षं घासूनपुसून परत बनवला होता. एक बाई, अगदी हळू: “किती वाजले हो?”

मुलीने वेळ सांगायचं बटण दाबलं. पलीकडे बाईने सुस्कारा सोडला. “बरं. उठते आता मी.” बस. एवढंच. गुण नाहीत, तारे नाहीत, पुढचा कॉल.

मुलीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “मॅम, त्या पिल्लाचे अश्रू मी काढलेत.”

मी म्हटलं, “चांगले काढलेस. म्हणून तर चीड येते.”

ती हसली, मग हसणं गेलं. “झोपलेलं पिल्लूही आहे माझ्याकडे. पहिल्यांदा तेच काढलं होतं. सरांना पसंत नाही पडलं.”

तिला सांगितलं, जपून ठेव.

ताई

७ एप्रिल

छोट्या,

तू होतास तिथे, तरी लिहिते, कारण तुला सगळं पहिल्या खुर्चीतून दिसलं आणि मला स्टेजवरून.

आधी रांगेचं. काल सकाळी दार उघडलं तर जिन्याखालून रांग थेट तुझ्या पिल्लाच्या पोटापर्यंत. आत गेलेला माणूस बाहेर येऊन काही सांगायचा नाही, नुसता पुढच्याला म्हणायचा, “जा.” याहून चांगली जाहिरात कुठल्या कंपनीला परवडेल? दुपारी तुझ्या मॅनेजरने न सांगता गाण्याचा आवाज कमी केला. रांगेतल्या लोकांनीच त्याला तसं सुचवलं म्हणे, थोड्या कडक शब्दांत.

आणि त्या रांगेत तू. मान खाली, टोपी कपाळावर ओढलेली, जशी काही मी तुला ओळखणारच नाही. खुर्चीत बसलास, मी दुसरा हेडफोन लावला. तू चौदा कॉल बिनचूक जोडलेस. लहानपणी शेजारच्या घरातला प्रत्येक आवाज ओळखायचास, ते विसरला नाहीस. मग तो कॉल आला. दिवा जळतोय. शांतता. आणि तू तोडलास.

उठलास, बाहेर गेलास, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलास. ते मी दाराच्या फटीतून बघितलं. तुझ्यापुढे तेव्हा निदान तीस माणसं होती आणि तुझी वार्ताहरांशी भेट ठरलेली होती. ती चुकली ना? चुकली. मला कळलं.

दुसऱ्यांदा आलास. दुसऱ्यांदा थांबलास. तिने वेळ विचारली. तू सांगितलीस. तिने “उठते आता मी” म्हटल्यावर तू अंधारात म्हणालास, “ताई, हे तू मला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “पुढचा.” कारण मागे लोक उभे होते.

मग संध्याकाळ. माझ्या खेळाला पहिलं बक्षीस. सूत्रसंचालकाने मानपत्र वाचायला घेतलं: “वयाच्या या टप्प्यावरही...” मी तिथेच त्याचा हात धरला. माइक माझ्याकडे ओढून म्हटलं, “हे वाक्य खोडा. बक्षीस खेळाला आहे की माझ्या गुडघ्यांना?” सभागृह हसलं, मी हसले नाही. पेन मागवलं. खोडलं. मग ते पुन्हा वाचायला लावलं, सुरुवातीपासून, त्या वाक्याशिवाय, आणि मग घेतलं. तू उभा राहून टाळ्या वाजवत होतास. पहिला तूच उभा राहिलास. नंतर सगळे.

निकाल. सकाळचे अकरा धरून, गोंगाटातले, सगळे धरून: दर दहांत सात जण थांबले. लोक थांबतात, छोट्या. त्यांना कुणी थांबू दिलेलं नव्हतं एवढंच.

आता पिल्लू झोपव.

ताई

२६ एप्रिल

छोट्या,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचं. तीनदा वाचलं. अक्षर लागत नव्हतं म्हणून.

सोमवारपासून पिल्लू झोपतं हे वाचलं. हिशेब बघणारे लोक तुझ्याशी बोलत नाहीत हेही वाचलं. बोलतील. न बोलणारी माणसं किती दिवस टिकतात ते आपल्या दोघांना माहीत आहे. त्या मुलीचं नाव तू खेळाच्या शेवटी मोठ्या अक्षरांत घातलंस, हे उत्तम केलंस. हे पैजेत नव्हतं.

तू लिहिलंयस, “माझा पहिला डाव धरू नकोस, ताई, तो चुकून झाला.” धरला आहे. माझे सकाळचे अकरा मी काढले नाहीत, तुझा एक कसा काढू? दहातल्या तिघांत तुझंही नाव राहील. खेळात भाऊ नसतो.

आणि नाही, ती बाई कोण होती मला माहीत नाही. तिला मी फक्त वेळ सांगितली. साडेतीन वाजले होते.

पुढच्या खेळासाठी मला पुरुषाचा आवाज हवाय, उगाच मोठेपणा मिरवणारा, आतून घाबरलेला. तू शनिवारी येशील तेव्हा घसा नीट करून ये. मोबदला मिळणार नाही.

आता खरी बातमी. काल दुपारी शेजारणीची नात माझ्याकडे आली होती. चार दिवस आजारी होती, अंथरुणात, खेळ उघडलाच नव्हता. माझ्या टेबलाशी बसून तिने तो उघडला. मी चष्मा लावून बघत होते. पिल्लू पंखात चोच खुपसून झोपलेलं. पोट वर-खाली होतंय. बाकी काही नाही. ना ओळ, ना अश्रू.

मला आनंद आवरेना. मी म्हटलं, “बघ! बघ, मी म्हटलं नव्हतं?” तू ओळखतोस माझा आवाज. पोचवलाच मी.

पोरगीने माझ्याकडे रागाने बघितलं, ओठांवर बोट ठेवलं, फोन हळूच टेबलावर पालथा घातला आणि कुजबुजली, “आजी, किती ओरडता! झोपलंय ना ते.” आणि चवड्यांवर चालत दार उघडून खाली खेळायला पळाली.

मी तशीच बसून राहिले, छोट्या. हूं की चूं न करता.

तुझी ताई